नवसाचा बोकड आणि सलोतरी शांतलिंग

कळंबच्या महालिंगप्पांचा थोरला मुलगा शांतलिंग मुंबईला जाऊन जनावरांच्या डॉक्टरकीची परीक्षा पास झाला, तेव्हा आडतीवर आलेल्या प्रत्येकाच्या हातावर पेढा पडला. पेढा खाणाऱ्यांतल्या बहुतेकांची समजूत अशी होती, की मुलगा माणसांचा डॉक्टर झाला. महालिंगप्पांनी ती समजूत दूर करायची घाई केली नाही. पुढं निजाम सरकारच्या खात्यात नोकरी लागून तो सास्तूरला रुजू झाला आणि तिकडची माणसं त्याला ‘सलोतरी’, म्हणजे गुरांचा वैद्य, म्हणू लागली, तेव्हा मात्र लपवायला काही राहिलं नाही.

आई पार्वतम्मानं ते एका अटीवर मान्य केलं होतं.

“गाईबैलांचा डॉक्टर हो. बसवण्णाची सेवा घडंल. पण शेळ्या-बोकडांच्या वाटंला जाऊ नकोस. आपल्या घरात कुणी त्या जनावराला शिवलेलं नाही.”

शांतलिंग ‘हो अव्वा’ म्हणाला आणि पहिल्याच वर्षी शेळ्यांच्या वाटेला गेला.

त्याला कारण होतं. मुंबईला शिकताना त्यानं कुणा पाद्र्यानं वाटाण्याच्या वेलींवरून शोधलेले वंशाचे नियम ऐकले होते. आई-बापाचे गुण पिल्लांत कसे उतरतात, एखादा गुण एका पिढीत दडून पुढच्या पिढीत कसा वर येतो, हे ऐकताना वर्गातली बाकीची मुलं पेंगत आणि हा ताठ बसून राही. सास्तूरला आल्यावर त्याला दिसलं, की या भागातली काळी शेळी बाभळीच्या शेंगा आणि वाळकी पानं खाऊन दुष्काळातही तग धरते, आणि तिच्यातल्या काही जणी दर वेताला जुळी देतात. सगळ्या नाही, काहीच. त्या काहींना निवडलं, त्यांच्याच पोटचे बोकड राखले, तर चार-पाच पिढ्यांत धनगराच्या वाड्यातली करडं दुप्पट होतील, असं त्याच्या मनानं घेतलं.

खात्याचा विचार वेगळा होता. उत्तरेकडून उंचेपुरे बोकड आणायचे आणि इथल्या शेळ्यांना लावायचे, असं हैदराबादेत ठरत होतं. शांतलिंगानं वरिष्ठांना, म्हणजे सय्यद मुनीर अली साहेबांना, दौऱ्यावर गाठलं. साहेब हुशार होते, थट्टेखोर होते आणि उस्मानाबादच्या डाकबंगल्यात खुर्ची टाकून पान खात बसले होते.

“मियाँ शांतलिंग, बकरी बकरी होती. उसमें चुनने का क्या है?”

“हुजूर, जिसकी माँ दो-दो बच्चे देती, उसकी बेटी भी देती. और उसका बेटा वो चीज अपनी बेटियों में उतारता.”

“बेटा खुद तो बच्चे देता नहीं. मालूम कैसा पड़ता?”

“इसलिए बोकड का मुँह नहीं देखना हुजूर, उसकी माँ देखना.”

साहेब हसले. पिंक टाकून म्हणाले, “शादी में भी लोगाँ यहीच करते. अच्छा. दो साल देता मैं. एक ऐसा नर बच्चा दिखाओ जो देखते ही मेरा मुँह बंद हो जाए. हुआ तो फार्म पे, हैदराबाद में, तहकीकात की जगह तुम्हारी. नहीं हुआ तो बुळकांडी की सुई लेके गाँव-गाँव फिरो.”

बुळकांडी म्हणजे गुरांची ती भयंकर साथ. तिची लस टोचत हिंडण्यात कमीपणा काहीच नव्हता, पण त्या कामात वंशाच्या नियमांना जागा नव्हती. शांतलिंगाला ती फार्मवरची संशोधनाची जागा हवी होती. पुढची दोन वर्षं त्यानं दुसरं काही मागितलं नाही.

सास्तूरपासून सायकलीवर सकाळीच निघालं, तर ऊन तापायच्या आत लिंबाजी धनगराच्या वस्तीवर पोचता येई. लिंबाजीचा वाडा मेंढरांचा, पण त्याची बायको नागूबाई हिनं स्वतःच्या शेळ्या वेगळ्या राखल्या होत्या. नागूबाई उंच, हाडापेरानं मजबूत आणि तोंडानं फटकळ. शांतलिंग खाटेवर बसून एकेका शेळीची विचारपूस करी आणि ती दावणीशी उभी राहून उत्तरं देई.

“ही चंद्री. हिची आई भागी. भागी बी जुळीच द्यायची. एकदा तीन दिली, त्यातलं एक मेलं.”

“आणि भागीची आई?”

“ती माझ्या सासूची. तवा म्या लग्न होऊन आल्याली नव्हते. तिला विचारा जाऊन वर.”

लिंबाजी तंबाखू मळत हे ऐकत बसे. एकदा त्याला राहवलं नाही.

“डाक्टर, बोकडाच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी करायलाव. सोयरीक जुळवायची हाय का कुठं?”

“होय,” शांतलिंग म्हणाला. “तुमच्याच वाड्यात.”

लिंबाजी इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून वस्तीवरची पोरं शांतलिंगाची सायकल दिसली की ओरडत, ‘शेळ्यांचा सोयरा आला!’

सन १९४३च्या श्रावणात चंद्री व्याली. जुळीच. एक पाट, म्हणजे मादी, आणि एक बोकड. बोकड कोळशासारखा काळा, कुठं पांढऱ्याचा ठिपका नाही. छाती रुंद, पाय सरळ, आणि आईच्या आचळाला असा भिडायचा की ती मागं सरकायची. शांतलिंगानं त्याला पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं, की आपल्या कामाचा बाप हाच.

त्याला ठाऊक नव्हतं, आणि लिंबाजीलाही ठाऊक नव्हतं, की त्या बोकडाबद्दल आधीच कुणीतरी काही ठरवलेलं होतं. नागूबाईची लेक सिताबाई शेजारच्याच गावी दिलेली. तिची दोन बाळं पाचवी पुजायच्या आतच गेली होती. तिसऱ्या खेपेला तिला दिवस राहिले, तेव्हा नागूबाईनं बिरोबापुढं पदर पसरला: बाळ जगलं तर चंद्रीच्या पोटचा पहिला काळा बोकड तुला. सिताबाईला मुलगा झाला तो त्याच श्रावणात, आणि जगला. त्या वस्तीतल्या बायकांची रीत अशी, की नवस फिटेपर्यंत तो तोंडातून काढायचा नाही, नवऱ्यापुढंही नाही. नागूबाई त्या बोकडाला वेगळं बांधून चारत होती, एवढंच दिसत होतं. शांतलिंगाला वाटलं, तिलाही त्याची पारख झाली.

पौषात त्यानं करडांच्या कानांना खुणा करायला घेतल्या. वाड्यावाड्यांतली मिळून शे-दीडशे करडं, बहुतेक काळी. कोण कुणाचं हे लक्षात राहणं शक्य नव्हतं. खात्याकडून एक चिमटा मिळाला होता. त्यानं कानाच्या कडेला छोटी खाच पडते. खाच कुठल्या कानाला, वर की खाली, यावरून नंबर ठरतो. तो वस्तीवर गेला तेव्हा नागूबाई लेकीकडं गेलेली. लिंबाजीनं एकेक करडू गुडघ्यात धरून दिलं.

“मेंढरांच्या कानाला आमी बी खुणा करताव,” तो म्हणाला. “फकस्त तुमचा चिमटा सायबी हाय.”

वेगळ्या बांधलेल्या काळ्या बोकडाची पाळी आली. बायकोनं तो विकायला पोसलाय असं समजून लिंबाजीनं तोही सोडून आणला. उजव्या कानाला, वरच्या बाजूला, चिमटा चटकन वाजला. शांतलिंगानं आयोडीनचा बोळा लावला आणि बोकड अंग झटकून पुन्हा चाऱ्याला लागला.

हीच गोष्ट एखाद्या मराठ्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या पोरानं केली नसती. कुर्बानीला असो की नवसाला, वेगळं बांधलेलं, अंगावर डाग नसलेलं जनावर दिसलं की हात लावण्याआधी ते विचारतात, ‘हे कुणाचं?’ शांतलिंगाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बळी माहीत नव्हता, त्यामुळं तो प्रश्न त्याच्या जिभेवर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दाराशी नागूबाई उभी राहिली. डोईवरचा पदर घसरलेला, मागं लिंबाजी खाली मान घालून.

“कुणी सांगितलं तुला कान कापायला?”

आजवर ती त्याला ‘तुमी’ म्हणत असे. शांतलिंग उठून उभा राहिला.

“मावशी, खूण आहे ती. दुखत नाही त्यांना. दोन दिवसांत…”

“व्यंग पाडलं रं तू त्येला! देवाचं जनावर व्हतं ते. आता देव घील का?”

त्याला काही कळेना. मग लिंबाजीनंच सांगितलं. त्यालाही ते आदल्या रात्री रडण्या-ओरडण्यातच कळलेलं. नवसाचं जनावर अंगानं पुरं लागतं. शिंग मोडलेलं, डोळा फुटलेला, कान फाटलेला देव घेत नाही. आणि नवस फिटला नाही, तर ज्या बाळासाठी तो बोलला, त्याचं काय व्हायचं हे तोंडानं म्हणायचंही नाही.

शांतलिंग ऐकत होता. त्याच्या मनात सगळ्यात आधी जे आलं, ते असं: म्हणजे बोकड वाचला. ते एक क्षणभरच होतं, पण नागूबाई त्याच्याकडंच बघत होती.

“बघा, बघा,” ती नवऱ्याला म्हणाली. “तोंडावर आनंद हाय त्येच्या.”



वस्तीवस्तीवर बातमी गेली, की सलोतऱ्यानं मुद्दाम केलं. त्याला बोकड पाहिजे होता म्हणून देवाच्या तोंडातून काढला. पुढचे तीन महिने एकाही वाड्यात त्याला शेळीपाशी जाऊ दिलं नाही. सायकल दिसली की पोरं ओरडत नसत, आत पळत. तो रोज दवाखान्यात बसे आणि बैलांच्या खांद्यांना मलम लावी. म्हातारा बिराप्पा, बिरोबाचा पुजारी, याला तो जाऊन भेटला.

“बाबा, माझी चूक झाली. काय करू सांगा.”

“म्या कोण सांगणार? चैतात जत्रा हाय. देवालाच इचारू. तू बी यायचं.”

“मी लिंगायत आहे, बाबा.”

“मग? तुला खा कोण म्हनतंय?”

चैत्रातल्या जत्रेला शांतलिंग गेला. देवळाच्या समोरच्या माळावर नवसाचे बोकड ओळीनं बांधलेले होते, प्रत्येकाच्या गळ्यात लिंबाचा पाला, कपाळाला भंडारा. तो ओळीच्या एका टोकापासून चालत गेला आणि निम्म्यात थांबला. त्यानं वर्षभर वाड्यावाड्यांतून जे शोधले होते, ते सगळे इथं होते. रुंद छातीचे, सरळ पायांचे, एकरंगी काळे, जुळ्यांतले. मग त्याला वाड्यांत मागं राहिलेले बोकड आठवले: ठिपक्यांचे, अरुंद, एखाद्या पायानं अधू. शेळ्यांना लागत होते ते तेच. देवाचं जनावर वेगळं बांधून पोसायचं, शेळ्यांत सोडायचं नाही, ही रीत. म्हणजे दर साली या भागातला उत्तम वंश पुढं एकही पिल्लू न ठेवता या माळावर संपत होता. दुष्काळ, चारा, रोग, सगळ्यांवर बोट ठेवून झालेलं होतं. हे मात्र त्याच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

हे तो कुणाला सांगणार होता? त्या दिवशी तर मुळीच नाही.

कातरल्या कानाचा बोकड देवापुढं आणला. बिराप्पानं तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर शिंपडलं. रीत अशी, की जनावरानं अंग झाडलं तर देवानं घेतलं. नागूबाई हात जोडून उभी. बोकड उभाच राहिला. पुन्हा पाणी शिंपडलं. त्यानं गळ्यातला पाला वळून खायला सुरुवात केली. कुणीतरी हसलं आणि नागूबाईकडं बघून गप्प झालं.

“घेत न्हाय,” बिराप्पा म्हणाला. मग बराच वेळ भंडारा चिमटीत धरून बसला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “नवस नागूचा. खाच सलोतऱ्याची. ह्या बोकडाला शेळ्यांत सोडा. ह्येच्या पोटचा जो पयला पुरा काळा, बिनव्यंगाचा नर व्हईल, तो फुडल्या चैतात देवाचा. आन्‌ तो सलोतऱ्यानं सोता, हातानं धरून, हितं उभा करायचा. हाय कबूल?”

सगळे शांतलिंगाकडं वळले.

“कबूल,” तो म्हणाला.

वाड्यांची दारं अर्धवट उघडली. शेळीजवळ जाऊ देत, पण चहा विचारत नसत. बोकड मात्र नागूबाईच्याच वाड्यात राहिला, कारण त्याच्यावर नजर ठेवायची तर तिलाच ठेवायची होती. वैशाखात त्यानं चंद्रीच्या बहिणींना, शेजारच्या दोन वाड्यांतल्या जुळं देणाऱ्या शेळ्यांना फळवलं.

भाद्रपदात सिताबाईच्या मुलाला ताप भरला. नागूबाई दवाखान्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. या वेळी ओरडली नाही.

“त्या खाचंचं हाय ह्ये,” एवढंच म्हणाली.

शांतलिंगानं वाद घातला नाही. लढाईमुळं कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं औषध, मिळत नव्हतं. तो सायकल मारत उमरग्याला गेला, तिथल्या डॉक्टरच्या हातापाया पडून थोडं मिळवलं आणि डॉक्टरलाही बैलांच्या दमणीत घालून आणलं. मूल उठलं, पण फार वाळलं. पुढं कितीतरी दिवस त्याच्या पायांच्या काड्या बघून नागूबाई पदर तोंडाला लावी. बाळ बरं झालं ते औषधानं की बिराप्पाच्या बोलण्यानं, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. चैत्रापर्यंतची मुदत मिळालीय, असं मात्र ती म्हणे.

कार्तिकात शेळ्या व्याल्या. नऊंतल्या सात जणींना जुळी. शांतलिंगानं मोजून पाहिलं, पुन्हा मोजलं आणि वाड्याबाहेर जाऊन एकटाच उभा राहिला. त्यांतला पहिला पुरा काळा नर चंद्रीच्या धाकट्या बहिणीचा. तो बापापेक्षा वरचढ निघाला. चार महिन्यांचा झाला तोवर त्याच्याहून थोराड करडांना ढुशा देऊन चाऱ्यावरून हटवू लागला. लिंबाजी त्याला खांद्यावर घेई आणि म्हणे, “ह्यो बोकड न्हाय, तालुकदार हाय.”

फाल्गुनात मुनीर साहेब मोटारीतून आले. धुळीनं माखलेले, वैतागलेले. त्यांनी वाड्यात उभं राहून सगळी करडं पाहिली आणि त्या एकापाशी बसकण मारली. त्याच्या पायांवरून, बरगड्यांवरून हात फिरवला. मग वर बघून तोंडावर बोट ठेवलं.

“लो, हो गया मुँह बंद. ये जाता मेरे साथ फार्म पे. और तुम भी तैयारी करो.”

शांतलिंग करडू आणि साहेब यांच्या मधे येऊन उभा राहिला.

“हुजूर, बाकी सब ले जाइए. ये नहीं. ये देव का है.”

सगळा प्रकार त्यानं सांगितला. साहेब मधे एकदा हसले, एकदा त्यांनी कपाळावर हात मारला. शेवटी त्याला बाजूला, मोटारीपाशी नेऊन हळूच म्हणाले,

“चिमटा है ना तुम्हारे पास? एक बार दबाओ. कान में खाच, देव को नापसंद, किस्सा खतम. अगले साल तक दूसरा कोई हो जाएगा. बुढ़िया रोयेगी थोड़ा. पहले भी रोयी थी.”

“पहले मालूम नहीं था, हुजूर.”

“खुदा के वास्ते, मियाँ! चार महीने का जानवर है. उसके पीछे तुम अपनी पूरी नौकरी काटते?”

“दूसरे बच्चे भी अच्छे हैं. इसका बाप तो जिंदा है.”

“मैंने बाप नहीं माँगा. मैंने वो माँगा जो देखते ही समझ में आए. ऊपरवाले कागज नहीं पढ़ते, जानवर देखते.” साहेबांनी दार उघडलं. “जत्रा के बाद खबर भेजो. बच्चा जिंदा तो जगह तुम्हारी.”

मोटार गेली. नागूबाई कुडाच्या आड उभी होती. उर्दू तिला फारशी येत नसे, पण चिमटा आणि कान हे दोन शब्द तिला पुरेसे होते.  तिनं करडू नेहमीच्या जागी बांधलं आणि शेण काढायला लागली.

पुढचे पंधरा दिवस चिमटा दवाखान्याच्या फळीवरच होता. शांतलिंग वस्तीवर दर दोन दिवसांनी जाई. कित्येकदा वाड्यात माणूस नसे; ते करडू त्याच्या सदऱ्याची बटणं चघळत उभं राही. एकदा त्यानं त्याचा कान बोटांत धरून पाहिला. मऊ, ऊबदार, शिरा दिसणारा. एवढीशी खाच. जाळीत अडकून फाटला म्हटलं असतं, तर कुणाला सिद्ध करता आलं नसतं. फक्त नागूबाईला कळलं असतं, आणि तिनं कुणाला सांगितलंही नसतं. ती नुसती नातवाकडं बघत बसली असती, आजारपण येईल त्या प्रत्येक दिवशी, आयुष्यभर. त्यानं कान सोडला.

जत्रेच्या आधी तो कळंबला जाऊन आला. पार्वतम्मा भाकरी थापत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली, असं त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

“हात लावायचा नाहीस तू.”

“अव्वा, कबूल केलंय. दोरी तर धरावीच लागंल.”

“गळ्यात लिंग आहे तुझ्या!”

“म्हणून तर बोलल्यासारखं वागलं पाहिजे ना?”

 मग करपलेली भाकरी बाजूला काढत म्हणाली, “परत येशील तेव्हा मागच्या दारानं ये. आडावर डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय ओट्यावर चढायचं नाही.”

१९४५च्या चैत्रात, सकाळच्या उन्हात, शांतलिंग ते करडू दोरीला धरून माळावर घेऊन आला. ते त्याच्या ओळखीचं झालं होतं, त्यामुळं ओढावं लागलं नाही. त्याच्या पायात पायात घुटमळत चाललं. नागूबाई, कडेवर मुलाला घेतलेली सिताबाई, लिंबाजी पुढं उभे होते. बिराप्पानं करडाच्या तोंडापासून खुरापर्यंत हात फिरवून पाहिला. दोन्ही कान उजेडात धरून पाहिले, आतून, बाहेरून. त्यानं शांतलिंगाकडं एकदा बघितलं आणि तांब्या उचलला.

पाणी पडलं. करडू स्तब्ध. शांतलिंगाला आपल्या मनात काय चाललंय ते कळत होतं. झाडू नको. बापासारखा उभा राहा. नागूबाईचे ओठ हलत होते, आणि तिचं मागणं नेमकं उलटं होतं.  बिराप्पानं दुसऱ्यांदा पाणी घेतलं, पण शिंपडायची गरज पडली नाही. करडानं मानेपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, इतकं जोरात की थेंब शांतलिंगाच्या तोंडावर उडाले.

“घेतला!” माळावर आवाज उठला, ढोल वाजले.

त्यानं दोरी बिराप्पाच्या हातात दिली आणि माळाच्या कडेला, पाठ करून जाऊन उभा राहिला. रडला नाही, पण पुष्कळ वेळ वळलाही नाही. नागूबाई तिथं आली. तिच्या हातात नवं मडकं होतं, त्यात गूळ आणि खोबरं.

“ह्ये यगळं केलंय. तुमच्यासाठी. त्या चुलीचं न्हाय.”

त्यानं घेतलं. ‘तुमी’ परत आलं होतं, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

साहेबांना त्यानं दोन ओळींत कळवलं. उत्तर आलं ते हुकमाच्या रूपात: शेळ्यांची योजना बंद, लस टोचण्याच्या कामावर नेमणूक. फार्मवर उत्तरेकडचे बोकड आले, तिथली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. शांतलिंग त्या वर्षी गावोगाव सायकलीवर बर्फाची पेटी बांधून लस टोचत हिंडला. ती जागा त्याला पुढंही कधी मिळाली नाही, आणि मिळाली नाही याचं दुःख त्याला झालं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. हैदराबादहून कुणी शिकून आलेला भेटला की तो तिथल्या फार्मची चौकशी करी आणि मग उगाच सायकलची हवा तपासत बसे.

पण त्या जत्रेनंतर वाड्यांची दारं पुरती उघडली. ज्येष्ठात तो नागूबाईकडं गेला, तेव्हा अंगणात दुसऱ्या कुणाच्या शेळ्या बांधलेल्या दिसल्या. त्यांच्याजवळ बिराप्पा काठी टेकून बसला होता, जरा ओशाळलेला.

“ह्या दोन माझ्या,” तो म्हणाला. “माजावर हायती. त्या कानकापल्याला लावायला आनल्या.”

“बाबा, व्यंगाचं जनावर ना ते?”

“देवाला चालत न्हाय. शेळीला काय त्येचं?”

नागूबाई आतून हसली. शांतलिंगही हसला, आणि हसता हसता त्याला वाटलं की विचारायचं तर आत्ताच. वर्षभर जिभेवर ठेवलेलं त्यानं म्हातारबाच्या शेजारी बसून विचारलं. नवसाचा बोकड देवाला द्यायचाच. त्यात त्याचं काही म्हणणं नव्हतं. पण तो वर्षभर एकटा बांधून ठेवण्याऐवजी, जत्रेआधी एक हंगाम शेळ्यांत सोडला, तर ते व्यंग धरलं जाईल का?

बिराप्पानं दाढी खाजवली. असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या बापाच्या तोंडून कान, डोळा, शिंग, खूर, शेपूट एवढं ऐकलेलं त्याला आठवत होतं. शेळ्यांबद्दल काही ऐकल्याचं आठवेना.

“देवाला इचारावं लागंल,” तो म्हणाला.

“मग विचारा की. जत्रेपर्यंत कशाला थांबायचं?”

“नागू, भंडारा हाय का गं घरात?” बिराप्पानं हाक मारली आणि काठीचा आधार घेत उठू लागला. शांतलिंगानं त्याला हात दिला. मागं अंगणात कातरल्या कानाच्या बोकडानं दावं तोडलं होतं आणि लिंबाजी शिव्या देत त्याच्यामागं धावत होता.